दोन तास मागे

३ फेब्रुवारी

धाकट्या,

वर आशीर्वाद लिहावा की नाही, यातच एक कागद फुकट गेला. तेव्हा तो राहू दे. कामाचं लिहिते.

पोहायच्या टँकच्या पंपाचा टायमर बदलायचा आहे. मोटार तीच, दीड हॉर्सची. वेळाही त्याच. सकाळची बॅच साडेसहा ते आठ, संध्याकाळची चार ते सहा, आणि मध्ये नऊ ते एक पंप. रात्री चालवला तर पलीकडच्या बाई अजूनही भांडायला येतात. एकदा वेळ लावून दिली की दुसऱ्या कोणाला ती हलवता येणार नाही, असा कोणता टायमर मिळतो? तुझं हे रोजचं काम, म्हणून विचारते. दुसरं काही नाही.

दुसरं काही नाही असं लिहिलं खरं, पण ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही, हे तुला ठाऊक आहे. तर ऐक. परवा सकाळी बरोबर सातला पंप चालू झाला. अकरा मुलं पाण्यात होती. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी होते, पोटरीला झोत लागला. शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं. पालकांना सांगितलं की आज झटपट बाहेर पडण्याचा सराव होता. त्यांनी माझं कौतुक केलं.

मुलं गेल्यावर पंपाच्या खोलीत गेले. टायमरची डायल बरोबर वेळ दाखवत होती. मिनिटाचाही फरक नाही.

तुला हे पाठ आहे, पण लिहिल्याशिवाय मला नीट उमगत नाही, म्हणून लिहिते. त्या डायलच्या अकरा ते तीनच्या पिना तुटलेल्या आहेत. म्हणून तू डायलच दोन तास मागे ठेवलीस आणि सात ते अकराच्या पिना ओढल्यास, म्हणजे खरे नऊ वाजले की डायलवर सात होतात आणि पंप सुरू होतो. त्या डायलला आत बॅटरी आहे, वीज गेली तरी ती चालत राहते. ती आपली आपण बरोबर होत नाही. कोणीतरी ती हाताने दोन तास पुढे फिरवली.

तीन वर्षांपूर्वी त्या छोटीचे केस तळाच्या जाळीत ओढले गेले, तेव्हाही डायल अशीच बरोबर होती. पंपाचा आवाज ऐकून तू धावत जाऊन मेन स्विच पाडलास, मी पाण्याखाली कात्रीने केस कापले, पोरगी वाचली. नंतर तू सगळ्यांसमोर ओरडून सांगत होतास की डायल मी मुद्दाम मागे ठेवली होती, कोणीतरी पुढे केली. तिचे वडील म्हणाले, मुद्दाम चुकीचं ठेवलेलं घड्याळ कधी ऐकलंय का? बाबाही म्हणाले की घड्याळजीच्या घरात असली थाप शोभत नाही. मला विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, "पंपाचं सगळं हाच बघतो." ते खोटं नव्हतं. तू त्याच आठवड्यात बॅग भरलीस.

आता तूच विचार कर. डायल मागे असते हे खरं मानणारी माणसं जगात दोनच, तू आणि मी. आणि त्या खोलीची चावी तू जाताना ठेवून गेला नाहीस.

गेल्या आठवड्यात तू कुठे होतास?

टायमरचं तेवढं नक्की कळव.

ताई


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. फोन तू तीन वर्षं उचलत नाहीस, आता पत्रालाही तेच का? गप्प बसणाऱ्याबद्दल माणसाने काय समजायचं ते तूच सांग.

मी खोलीचं कुलूप बदललं आहे. तुझ्याकडची चावी आता नुसती खिळ्याला अडकवायच्या कामाची. नवी चावी स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूच्या खुंटीला असते. डायल पुन्हा दोन तास मागे केली. शिवाय हल्ली मेन पाडूनच बॅच घेते. अपघातानंतर डायल परत मागे लावूनही वर्षभर तसंच करत होते, मग काही होत नाही म्हटल्यावर सोडून दिलं. आता कानाला खडा.

टायमरच्या दुकानात जाऊन आले. दुकानदाराने तीन प्रकार काउंटरवर मांडले. एक आपल्यासारखा पिनांचा, फक्त सगळ्या पिना शाबूत. दुसरा आकड्यांचा, त्याला बटणं दाबून कुलूप लावता येतं, आकडा माहीत असल्याशिवाय उघडत नाही. तिसरा मोबाइलवरून चालणारा. त्याची त्याने फार भलावण केली, म्हणाला, परगावी बसूनसुद्धा पंप चालू-बंद करता येतो. मी तो डबा हातानेच बाजूला सारला. उंटावरून शेळ्या हाकायची सोय मला नको आहे, विशेषतः आत्ता.

मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्हाला वेळ लावायचीय की कुणाचा हात अडवायचाय? ते सांगा, मग टायमर सांगतो."

मी म्हटलं, दोन्ही. त्याला त्याचा अर्थ लागला नाही. मी काही न घेता परत आले.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, डिसेंबरात. मोतीबिंदू इतका पिकला होता की तीन-चार वर्षं त्यांना ताटातलं दिसत नव्हतं. तुला कळवलं नाही, कारण तू आला नसतास आणि ते मला बाबांना सांगावं लागलं असतं. आता छान दिसतं. डावा पाय ओढत दिवसभर घरभर फिरतात, खिशात आपला बारका स्क्रू-ड्रायव्हर. स्वयंपाकघरातलं घड्याळ तीन मिनिटं पुढे होतं म्हणून मला बोलणी बसली. जिन्यातलं घड्याळ उतरवून, उघडून, पुसून पुन्हा लावलं. तुझं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पाकीट आलं. आत चावी आणि पाच ओळींचं कार्ड. मायना नाही, सही नाही. ठीक आहे, मीही आशीर्वादाशिवायच सुरुवात केली होती.

तू लिहिलंस: "मोटार टायमरमधून थेट चालवू नको. सुरू होताना पाचपट करंट ओढते, आतले पॉइंट चिकटतात, मग वेळ संपली तरी पंप बंद होत नाही. मध्ये कॉन्टॅक्टर घाल, मोटारीचा भार तो घेतो. गेले दोन महिने मी इथल्या पाणीपुरवठ्यावर रोज सही करतोय, मुकादमाला विचार. कुलपाचा टायमर घेण्याआधी डायल कोण फिरवतं ते बघ."

शेवटची ओळ मी दहा वेळा वाचली. तू मला सांगतोयस की मला विचारतोयस, हे कळेना. मुकादमाला मी विचारणार नाही. विचारायचं मनात आलं होतं, तेही कबूल करते.

विचारायची गरजच उरली नाही. तुझं पाकीट यायच्या आदल्या दिवशी डायल पुन्हा बरोबर झाली होती. नवीन कुलूप, नवीन चावी, आणि तरीही डायल बरोबर. म्हणजे तू नाहीस. हे लिहिताना मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं ते उलटंच, कारण मग फ्रिजजवळच्या खुंटीपर्यंत हात पोचणारं माणूस या घरातलंच आहे.

माझी नजर तुझ्या भावोजींवर आहे. हसू नकोस. हे गेल्या वर्षापासून टँक बुजवायच्या गोष्टी करतात. लोकांच्या पोरांची जबाबदारी किती दिवस घेणार, माती टाकून सपाट करू, झाडं लावू. मी ऐकून घेत नाही. आता असं बघ, अजून एकदा पाण्यात मुलं असताना पंप सुरू झाला आणि पालकांना कळलं, तर बॅच आपोआप बंद. यांना एक शब्दही बोलावा लागणार नाही. परवा जेवताना यांनी सहज विचारलं, "तो पंप हल्ली नीट चालतो ना?" इतकं सहज कोणी विचारतं का?

संसाराला सोळा वर्षं झाली, आणि मी ताटावर बसून या माणसाच्या बोटांना ग्रीस लागलंय का ते बघत होते. नव्हतं. धुतलं असेल.

ताई


२३ फेब्रुवारी

धाकट्या,

हे लिहू नये, पण दुसऱ्या कोणाला सांगू?

काल यांना सरळ विचारलं. डायल तुम्ही फिरवता का? हे आधी हसले, मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले. म्हणाले, "तुला संशय घ्यायला कायम एक माणूस लागतो. धाकटा होता तोवर तो होता. आता मी."

मी म्हटलं, धाकट्याचा विषय वेगळा. त्यावर म्हणाले, वेगळा कसा? तेव्हापासून हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. मीठ हवं असलं तरी उठून स्वतः घेतात.

तरी माझं मन काही निवत नाही. आज दुपारी जेवणं झाल्यावर पंपाच्या खोलीत गेले. पोरांच्या रबरी टोप्या चिकटू नयेत म्हणून टाल्कम पावडरचा मोठा डबा असतो ना, त्यातली पावडर दारापासून टायमरपर्यंत फरशीवर चाळणीने भुरभुरली. दाराला कुलूप लावलं, चावी खुंटीला. मग स्वतःचीच लाज वाटली. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं की बाईचं डोकं फिरलंय. पण तूच लिहिलंस ना, कोण फिरवतं ते बघ.

ताई


२५ फेब्रुवारी

धाकट्या,

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

काल फरशीवर सपातांचे ठसे उमटले होते. उजव्याचा नीट, डाव्याच्या जागी लांबलचक ओरखडा. पाऊल उचललेलं नाही, ओढलेलं. ठसे बघून मी तिथेच उलट्या बादलीवर बसले.

तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही म्हणून डायल परत मागे केली आणि आज दुपारी खोलीच्या दाराबाहेरच्या फिल्टरमागे उभी राहिले. दोनच्या सुमारास कुलूप निघालं. बाबा आत गेले. टायमरचं झाकण उघडलं, मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ पाहिलं, मग अंगठ्याने डायल हळूहळू पुढे आणली. शेवटचं एक मिनिट नखाने. कान लावून ऐकलं. झाकण लावून वरची धूळ सदऱ्याच्या टोकाने पुसली. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी आई असल्यापासून पाहिलं नव्हतं.

मी पुढे आले. ते दचकले नाहीत. म्हणाले, "हे घड्याळ दर वेळी दोन तास मागे पडतं. आतलं चाक बघायला हवं. मी आठवड्यात तीनदा लावलं."

किती घोटाळा बघ. मी डायलचं गुपित माहीत असलेला माणूस शोधत होते, आणि निघाला तो माहीत नसलेला. मुद्दाम मागे ठेवलंय हे ज्याला ठाऊक असेल, तो हात लावायच्या आधी दहा वेळा विचार करील. ज्याला ठाऊक नाही, आणि ज्याने चाळीस वर्षं दुकानात लोकांची घड्याळं लावून दिली, तो कशाला थांबेल?

त्यांना समजावून सांगितलं. तुटलेल्या पिना दाखवल्या. त्यांनी एकेक पीन बोटाने चाचपली, मनातल्या मनात तास मोजले. मग डायलकडे बघत म्हणाले, "म्हणजे तो खरं बोलत होता."

मी हो म्हटलं. पुढे ते काही बोलले नाहीत. मी त्यांना हात धरून घरात आणलं.

यांची माफी मागितली. जेवताना यांनी मीठ माझ्याकडे मागितलं.

ताई


४ मार्च

धाकट्या,

मागच्या पत्रात मी लिहिलं की बाबा पुढे काही बोलले नाहीत. ते खोटं आहे.

ते बोलले. डायलवरून नजर न काढता म्हणाले, "मग त्या वेळी काटा पुढे कोणी केला? चुकीचं घड्याळ दिसलं की हात आवरत नाही अशी दोनच माणसं या घरात. मला तेव्हा दिसत नव्हतं."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना फार स्वच्छ दिसतं.

धाकट्या, मी केलं. अपघाताच्या आदल्या दुपारी पोहायच्या फळ्या ठेवायला खोलीत गेले होते. झाकण उघडं होतं, डायल दोन तास मागे दिसली. हातात फळ्या, डोक्यात संध्याकाळची बॅच. अंगठ्याने ती पुढे केली, जशी बाबांनी केली, तशीच. ग्रीस लागलं ते टॉवेलला पुसलं. डायल मुद्दाम मागे ठेवली आहेस हे तू मला महिनाभर आधी सांगितलं होतंस. मी हो हो केलं होतं. तू वायरींबद्दल बोलायला लागलास की मी ऐकायचे नाही, हे तुलाही माहीत आहे.

आणि हे मला नंतर कधीतरी उमगलं असंही नाही. पाण्याखाली तिचे केस कापत होते तेव्हाच कळलं होतं. बाहेर आले तर टॉवेलवर काळा डाग. तू सगळ्यांसमोर ओरडत होतास, कोणीतरी पुढे केली, कोणीतरी पुढे केली, आणि मी तोच टॉवेल पोरीच्या अंगाभोवती गुंडाळत होते, डाग आतल्या बाजूला येईल असा. मला विचारलं तेव्हा म्हटलं, पंपाचं सगळं हाच बघतो. अक्षर न् अक्षर खरं. तीन वर्षं मी त्या वाक्याच्या आडोशाला राहिले.

मला वाटलं होतं की दोन दिवसांत निवळेल, मग सांगीन. तू गेलास. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग. मग तर तुझाच राग यायला लागला, की हा पत्र लिहीत नाही, फोन उचलत नाही, बाबांची चौकशी करत नाही. त्या दिवशी सातला पंप सुरू झाला तेव्हा पहिला विचार काय आला सांगू? याला सगळं कळलंय आणि हा मला दाखवून द्यायला आलाय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आधी तुझ्यावर संशय घेतला, मग यांच्यावर. नाही आला तो फक्त त्या खोलीत हात काळे केलेल्या बाईवर.

बाबांना तिथेच, बादलीवर बसून, सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "त्याला कळवलंस?" मी नाही म्हटलं. मग म्हणाले, "मीही त्याला थापाड्या म्हटलं. मला एक कार्ड आणून दे." अजून कोरंच आहे ते. रोज घेऊन बसतात.

परवा त्या छोटीच्या घरी जाऊन आले. आता नऊ वर्षांची आहे, केस पाठीवर. तिने मला ओळखलं आणि आईच्या मागे गेली. मी उभ्यानेच सांगितलं. तिचे वडील आत निघून गेले. आई दारापर्यंत आली, म्हणाली, "पंप बंद करायला जो धावला, त्याला आम्ही नको नको ते बोललो." मी म्हटलं, मी त्याला लिहिते आहे. ती म्हणाली, "आमचंही लिहा." तेवढंच. चहापाणी नाही, आणि त्यात गैर काही नाही. आज सकाळच्या बॅचलाही पालकांना सांगितलं. अकरातली सहा मुलं उद्या येणार आहेत. बाकीच्यांचं बघू.

आता टायमर. दुकानदाराकडे पुन्हा गेले. कुलपाचा घेतला नाही. कुलूप लावून मी कोणाला अडवू? म्हाताऱ्या घड्याळजीला? पिनांचाच घेतला, साधा, चोवीस तासांचा, सगळ्या पिना शाबूत. म्हणजे डायल खऱ्या वेळेवर राहील, आणि बाबांनी दिवसातून चारदा लावली तरी पंप नऊलाच सुरू होईल. तू सांगितलेला कॉन्टॅक्टरही आणला. दोन्ही डबे बाबांच्या कपाटात आहेत. ते रोज टायमर काढतात, हलवून आवाज ऐकतात, परत ठेवतात.

बसवायला मी कोणाला बोलावलेलं नाही. जुना काढून ठेवला आहे. तोवर नऊला मी स्वतः जाऊन मेन टाकते आणि एकला पाडते. मला त्याचं काही वाटत नाही. वर्षभर करावं लागलं तरी करीन.

नवीन कुलूप काढून जुनं लावलं आहे. तू पाठवलेली त्याची चावी याच पाकिटात आहे. ती परत पाठवलीस तरी मी समजेन.

आशीर्वाद द्यायचा अधिकार मला आहे की नाही हे तू ठरव. पहिल्या पत्रात राहिला होता, तो इथे लिहिते. अनेक आशीर्वाद.

तुझी,
ताई